दोन ओळींमधलं अंतर

मल्लेशप्पाच्या काउंटरवर तीन पाकिटं:
नांतेस, कुरोडा, पुसा केसर.
चित्रातलं एकही गाजर वाकडं नाही.
आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी
सगळी अंग चोरून सरळ.

"मास्तर, कुठलं देऊ?"
मी मास्तर नव्हे. एकतीस वर्षं खानापूरच्या कोर्टात टायपिस्ट.
पण चष्मा आणि पेन दोन्ही असलेला माणूस
इथं मास्तरच.

नांतेस गोड, तो म्हणतो, आतला दांडा बारीक,
पण थंडी मागते,
माहेरपणाला आलेल्या नणंदेसारखी सगळं वेळेवर मागते.
कुरोडा सोसतं. ऊन सोसतं, विसरलेलं पाणी सोसतं.
केसर लांब. लाल. हलव्याचं.
हलवा म्हटल्यावर आम्ही दोघंही रस्त्याकडं बघतो.
त्याची साखर दोनशे दहा, माझी एकशे नव्वद.
तिन्ही घेतली.

घरी शालननं परसात आधीच पहार घातली होती.
मोरीपासून पेरूपर्यंत साडेचार हात जागा,
वर तांबडी माती, मऊ, पिठासारखी लबाड.
एका वितीवर खण्ण.
"विचारा तुमच्या केसरला," ती म्हणाली,
"कुठं पाय पसरणार."

जांभ्यापुढं अपील चालत नाही.
केसरचं पाकीट मी सदऱ्याच्या खिशात परत ठेवलं
आणि दिवसभर खिसा चाचपत राहिलो.

संध्याकाळी कुंपणावरून गंगव्वाचा हात आला.
खोकल्याच्या औषधाची बाटली, तळाला बोटभर बी,
खरबरीत, चोळलं की जिऱ्याच्या जवळपासचा वास.
तिच्या आईपासूनचं. दरवर्षी
दोन झाडं न उपटता फुलायला सोडायची,
एवढीच त्याची कागदपत्रं.

"जात कुठली?" मी विचारलं,
आणि शब्द माझ्याच कानाला लागला.
नाव, बापाचं नाव, वय, मग तोच रकाना:
किती हजार वेळा ठोकला असेन.
कुणी मान खाली घालून सांगायचं,
कुणी मुद्दाम वर करून.
गंगव्वा हसली. "जाती एल्लीदु री?
गज्जरी अंद्र गज्जरी."

दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी पेरलं.
नांतेसची एक ओळ, हौस.
कुरोडाची एक.
उरलेल्या जागेत बाटली रिकामी केली.
बी वाळूत कालवलं, चिमटीनं सोडलं, वर ओलं पोतं.
"दाट पडतंय," शालन.
"अंतर मला शिकवू नको, डबल स्पेस मारण्यात जन्म गेला."
दाटच पडलं.

नवव्या दिवशी पोत्याखाली हिरवे दोरे.
आता विरळणी. चुकलेल्या अक्षरावर
मी आयुष्यभर फुल्या मारल्या, हात थरथरला नाही.
इथं बसलो आणि कुठलं चुकलंय तेच कळेना.
उचलून दुसरीकडं लावावं, तर गाजर तसं लागत नाही,
पहिल्या जागेचाच हट्ट.
शेवटी शालन बसली, चष्म्याशिवाय,
सटासट उपटून पदरात घेतली
आणि दुपारच्या चटणीत वाटली.

कुल्फीच्या काड्यांवर मी नावं लिहिली.
बाटलीच्या ओळींना काडी रोवली, कोरी.
मार्गशीर्षात अवकाळी भुरभुर आली
तशा सगळ्याच कोऱ्या झाल्या.

भोगीच्या सकाळी पहिलं गाजर निघालं:
आखूड, पोटात जाड, खाली दोन तंगड्या
आणि तंगड्यांत धरलेला जांभ्याचा खडा.
नळाखाली धरलं तरी सोडीना.
शालननं खड्यासकट अर्धं गंगव्वाला दिलं,
अर्धं भाजीत गेलं. कुठल्या ओळीतलं,
तिनं बघितलं नाही, मी विचारलं नाही.

केसरचं पाकीट कधीच सदऱ्याबरोबर धुण्यात गेलं.
मोरीच्या तोंडाशी, साबणाच्या पाण्यात
हल्ली काहीतरी बारीक पानांचं उगवलंय.
खाली खडक किती खोल आहे,
तिथं पहार घातलेली नाही.